माहेरच्या लाकडातली माशी

माझ्या लग्नात वडिलांनी सोनं बेताचंच घातलं, पण छताला लागणाऱ्या सागाच्या कड्या मात्र गाड्या भरून पाठवल्या. खांडबाऱ्याला स्टेशनाजवळच्या एका लाकडाच्या वखारीत ते मुकादम होते. लाकूड हीच त्यांची ऐपत. सासर ब्राह्मणपुरीचं, घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, आणि मागच्या खोलीचं छत खचायला आलेलं. व्याह्यांची नड ओळखून वडिलांनी एकेक कडी स्वतः निवडली, मोगरीने ठोकून आवाज ऐकला, आणि प्रकाशा गावाजवळ तापीला उतार झाल्यावर गाड्या पलीकडे काढल्या. सासऱ्यांनी त्या कड्या चढवल्या, वर माती दाबली, आणि असं लाकूड आसपास कुणाच्या घरी नाही म्हणून गावभर मिरवलं. वर्ष-दोन वर्षांत त्याच लाकडापायी मला घराबाहेर काढायची पाळी आली. लाकडापायी म्हणजे म्हणायचं आपलं. लाकूड बिचारं काय करणार.

दिवस लढाईचे होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि सरकारने धान्यावर लेव्ही बसवली होती. घरी खायला लागेल तेवढं ठेवायचं, बाकीचं सरकारी भावाने मोजून द्यायचं. लेव्हीचा कारकून गावात आला की सगळ्यांच्या घरी अचानक दारिद्र्य यायचं. एरवी ज्यांच्या पंगतीत तूप वाहायचं ते त्या दिवशी ओट्यावर बसून कोरडी भाकरी चघळायचे. आमचे सासरेही चघळायचे. आमच्याकडचं सगळं दिलं, असं ते मान खाली घालून सांगायचे, आणि मला ते खरंच वाटायचं. नव्या सुनेला जे दाखवतात तेच तिला दिसतं.

त्या उन्हाळ्यात ती माशी पहिल्यांदा दिसली. वळचणीला पोळी करणाऱ्या पिवळ्या गांधीलमाशा आम्हाला सगळ्यांना ठाऊक होत्या. चावल्या तर चुना लावायचा आणि कामाला लागायचं. ही तशी नव्हती. करंगळीएवढी लांब, काळी, आणि पोटावर नारिंगी पट्टा. उडाली की आधी आवाज यायचा आणि मग ती दिसायची. म्हाताऱ्या माणसांनीही आपण ही कधी पाहिली नाही असं सांगितलं. मीही पाहिलेली नव्हती. पण मी पाहिली नव्हती यावर कोण विश्वास ठेवणार, कारण ती माशी येऊन बसायची ती नेमकी माझ्या बापाच्या कड्यांवर.

कड्यांची टोकं भिंतीबाहेर हातभर आलेली होती. माशा त्यांवर बसत आणि दातांनी लाकूड खरवडत. शांत दुपारी खाली उभं राहिलं तर तो करकर आवाज ऐकू यायचा. खरवडलेला भुसा तोंडात धरून त्या उडून जात. आज मला समजतं की पोळं बांधायला त्यांना लाकडाचा लगदा लागतो. तेव्हा कुणाला समजत नव्हतं. बघणाऱ्याला वाटायचं की माशी लाकडातून बाहेर येते आहे.

पावसाळा लागल्यावर या नव्या माशांनी विहिरीतल्या मधमाशा मारल्या. विहिरीच्या दगडी भिंतीत एका फटीत वर्षानुवर्षं मधमाशांचं घर होतं, आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी त्यांचं चांगलं जमत असे. ह्या मोठ्या माशा फटीच्या तोंडाशी दबा धरून बसल्या, आणि बाहेर येणारी एकेक माशी धरून तिचं डोकं तोडत राहिल्या. आमच्या घागरींत मधमाशांची डोकी येऊ लागली. फडक्याने पाणी गाळताना ती फडक्यावर राहायची. चार-दोन दिवसांत फट रिकामी झाली. तेव्हा शेजारीण माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “हाई माशी आठली नही शे. लाकूडमा बसीसन उनी.” म्हणजे ही इथली नव्हे, लाकडात बसून आली.

दुसरीने विचारलं, “कोनं लाकूड?”

“आते ते बी मीच सांगू का?”

आमच्या घराला घर लागून असलेली ही शेजारीण. तिच्या पोटात काही राहत नसे, आणि तिच्या तोंडून निघालेलं गावात कुठेही अडत नसे. श्रावणात घरात कानबाई देवी बसली तेव्हा गोष्ट इतकी पुढे गेली होती की नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळायला मला बसू दिलं नाही. सासूबाईंनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं, “तू चुला दख. भाऊबंद बोलतीस. दोन दिनमा इसरी जातीस.” त्यांचा स्वर मऊ होता. मला तो मऊपणा आवडला नाही. एरवी भाकरी जरा करपली तरी घर डोक्यावर घेणारी बाई, आणि इतकी मोठी गोष्ट गावात चालली असताना तिला राग येत नाही, याचा अर्थ काय. मी तेव्हापासून त्यांच्याकडे नीट बघायला लागले.

बघायला लागलं की पुष्कळ दिसतं. सासरे मागच्या खळ्यात मला जाऊ देत नाहीत हे दिसलं. कारण सांगत, कड्यांवरच्या माशा तिकडे घोंघावतात, सुनेला चावल्या तर व्याह्यांना काय तोंड दाखवू. इकडे गावात कुणी विचारलं की तेच सासरे सुस्कारा सोडून सांगत, “काय करवं, याहीनं लाकूड. परत बी कसं धाडवं?” व्याह्यांच्या तोंडाची काळजी करणारा माणूस व्याह्यांचं नाव असं चारचौघांत टाकतो कसा, हे मला उलगडेना. दळायला मिळणाऱ्या ज्वारीला एक आंबूस, कोंदट वास यायचा, तोही याच दिवसांत. पहाटे जात्यावर बसलं की तो नाकात शिरायचा आणि दिवसभर हातांना राहायचा. मी एकदा सासूबाईंना म्हटलं, “आत्याबाई, दाना वास करस.” त्या म्हणाल्या, “पोट भरस ना? मंग दळ.” मी समजले की चांगलं धान्य कुलपात आणि कुजकं माझ्या वाट्याला. नवऱ्याला विचारलं तर तो पागोटं बांधत बाहेर गेला. तो वाईट माणूस नव्हता, पण बापासमोर त्याच्या तोंडाला कुलूप असायचं, आणि बाप समोर नसला तरी किल्ली सापडायची नाही.

पोळ्यानंतर शेजारच्यांचा बैल मेला. शिंगांचा रंग अजून गेला नव्हता. बैल दावं तोडून आमच्या बाजूला शिरला, खळ्याच्या काटेरी कुडाला भगदाड पाडून आत गेला, आणि थोड्याच वेळात हंबरडा फोडत गल्लीत आला. अंगावर माशाच माशा. डोळ्यांवर, कानांत, वशिंडावर. कुणाची जवळ जायची छाती होईना. तो आमच्या ओट्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. शेजारणीचा नवरा गोणपाट घेऊन धावला, त्याचंही तोंड सुजून ओळखू येईनासं झालं. त्यांच्याकडे तेवढी एकच जोडी होती. बाईने बैलाच्या गळ्यात पडून जो आक्रोश केला तो ऐकून मलाही रडू आलं, आणि मी रडते आहे हे पाहून तिने मला सगळ्या गावासमोर विचारलं, “तू काब्र रडस? तुन्हाच बापनी धाडी ना हाई माशी?”

त्या आठवड्यात लेव्हीचा कारकून पाटलाबरोबर आला. आमच्या ओट्यापर्यंत आला, वर कड्यांच्या टोकांवर बसलेल्या माशा पाहिल्या, बैलाची गोष्ट ऐकली, आणि घराच्या मागे न जाता तिथूनच परत फिरला. सासऱ्यांनी त्याला अडवलं नाही. उलट, साहेब जपून, असं ते दोनदा म्हणाले. कारकून गेल्यावर त्यांनी तंबाखू मळली आणि चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी दाराआडून पाहिलं. बैल मेलेल्या घराला घर लागून असताना माणसाला समाधान कशाचं होतं, ह्याचा मी रात्रंदिवस विचार केला.

मग भाऊबंद बसले. ठरलं असं की दसरा झाला की माझ्या वडिलांना बोलवायचं, कड्या उतरवून त्यांच्या हवाली करायच्या, आणि लाकडाचा दोष जाईपर्यंत मलाही माहेरी पाठवायचं. किती दिवस, ते कुणी बोललं नाही. असं पाठवलेल्या बायका मी खांडबाऱ्याला पाहिल्या होत्या. बापाच्या घरी भावजयांची भांडी घासून त्यांचे केस पांढरे झाले होते. सासऱ्यांनी बैठकीत हो म्हटलं. नवऱ्यानेही मान हलवली. मला कुणी विचारलं नाही, मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते. भीती वाटली, पण त्याहून राग आला. मनाशी म्हटलं, जायचं तर जाईन, पण ही माशी राहते कुठे ते बघूनच जाईन.

धाब्यावर मूग वाळत घालायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवसांत सीताफळं पिकली होती. मी एक फुटलेलं फळ धाब्याच्या कडेला ठेवलं आणि लांब बसले. माशी आली, गरात डोकं खुपसून बसली आणि तिला जगाचं भान राहिलं नाही. मी हळूच जवळ जाऊन तिच्यावर चिमूटभर हळद टाकली. बैलाचं तोंड डोळ्यांसमोर होतं. पण ती फळातून उठलीच नाही. पोट भरल्यावर उडाली तेव्हा पिवळी धमक दिसत होती, आणि धाब्यावरून तिची वाट सरळ दिसली. ती कड्यांकडे गेली नाही. घराला वळसा घालून मागे खळ्यात उतरली, कडब्याच्या गंजीपलीकडे, आणि जमिनीत शिरली. मी दुसरीला हळद लावली. तीही तिथेच. जमिनीत एक बीळ होतं, आणि माशा त्यातून जात-येत होत्या. खालून कूड आणि गंजी आड येत असल्याने ते कुणाला दिसत नव्हतं. माझ्या बापाच्या लाकडात एकही माशी राहत नव्हती.

मला तेव्हाच धावत खाली जाऊन गल्लीत ओरडावंसं वाटलं. पण त्या घराने मला संशय घ्यायला चांगलं शिकवलं होतं. बिळापासून थोड्या अंतरावर कुडाचे काटे ताजे दिसत होते आणि त्यांखाली जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत होती. मी मूग गोळा करायचं निमित्त करून दिवेलागणीपर्यंत वरच थांबले. अंधारू लागलं, माशा आत गेल्या, आणि सासरे व माझा नवरा खळ्यात आले. आधी त्यांनी बिळावर ओलं पोतं टाकून दगड ठेवला. मग काटे बाजूला केले, माती खरडली आणि एक फरशी उचलली. नवऱ्याने दोरीला दिवा बांधून तो जमिनीत सोडला आणि दोघं बघत उभे राहिले. दिवा विझला नाही, म्हणजे आतली हवा श्वास घेण्याजोगी होती, तेव्हा नवरा दोरी धरून आत उतरला. वर आली ती ज्वारीची पाटी. वाऱ्याबरोबर तोच आंबूस वास धाब्यावर आला.

पेव होतं ते. जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. आमच्या माहेरी पाऊस फार, तिथे पेव टिकत नाही, धान्य बांबूच्या कणगीत ठेवतात, म्हणून पेवातल्या धान्याचा वास मला ओळखता आला नव्हता. मला कुणी कुजकं दळायला देत नव्हतं. सगळं घर तेच खात होतं, लेव्हीपासून दडवलेलं. त्याला लागूनच असलेलं आमचंच दुसरं जुनं, रिकामं पेव ढासळलेलं होतं आणि त्याच्या पोकळीत माशांनी घर केलं होतं. ते गावाला सांगितलं असतं तर गाव कुदळी आणि पेटते पलिते घेऊन खळ्यात आलं असतं, आणि माशांच्या आधी ज्वारी सापडली असती. म्हणून माशी लाकडातच राहायला हवी होती. सासऱ्यांना माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, आणि दोरी धरून आत उतरणाऱ्याला तर माहीत होतंच. एकटी मीच होते जिला वाटत होतं की आपल्यावर गैरसमजाने बालंट आलं आहे.

दसऱ्यानंतर वडील रिकामी गाडी घेऊन आले. मी त्यांना दारातून पाहिलं. लग्नात होते त्यापेक्षा खांदे उतरले होते. ओट्यावर भाऊबंद जमलेले. वडिलांनी कुणाला दोष दिला नाही. उभ्याउभ्याच हात जोडून म्हणाले, “मन्हीच चूक. मी ठोकीसन दखं व्हतं, पण कान दगा देस कधी कधी.” ज्या माणसाने आयुष्यभर लाकडाच्या आवाजावर पोट भरलं तो आपल्या कानांना खोटं ठरवत होता, आणि माझे सासरे शेजारी बसून ते ऐकून घेत होते. मला असा संताप आला की हातातला तांब्या खाली ठेवायला जमेना.

सासूबाई आत आल्या आणि माझं बोचकं बांधायला लागल्या. मी म्हटलं, “जासू मी. पण खळामातीन जासू. बापले माशीनं घर दखाडसू.”

त्यांचे हात थांबले. “कोनी सांगं तुले?”

“माशीनीच सांगं.”

“काय काय सांगं?”

“दिवा दोरीले बांधतस, तठपर्यंत सांगं.”

त्यांनी बोचकं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “तुन्हा नवरा बी जेलमा जाई.”

“मी आठे ऱ्हायनू ते कोनीच जाव नही.”

त्या उठून बाहेर गेल्या आणि सासऱ्यांना आत बोलावलं. दोघांचं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. सासरे माझ्यासमोरून परत गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, सून म्हणून नाही, बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं. ओट्यावर जाऊन त्यांनी घसा साफ केला. “याही, बठा. सून मन्ही शे, ती आठेच ऱ्हाई. माशीले काय, ती कोठून बी येस. लाकूडबी ऱ्हाऊ द्या.” भाऊबंद कुजबुजले, पण घरचाच माणूस असं म्हटल्यावर पुढे कोण बोलणार. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून सासऱ्यांचे गुडघे धरले. मी जिंकले होते, आणि दाराआडून हे बघत होते.

तेवढ्यात शेजारणीचा नवरा उठला. सुजलेल्या तोंडावरचे डाग अजून काळे होते. त्याने मोठ्याने विचारलं नाही, हळूच विचारलं, “अन् मन्हा बैल?”

सासरे खाली फरशीकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. गोठ्यात त्यांच्या दोन जोड्या बांधलेल्या होत्या. नवराही तिथेच होता, तो गोठ्याकडे बघत नव्हता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तोंड उघडलं असतं तर नवरा जेलात गेला असता आणि घर उठलं असतं.

वडील ओट्यावरून उतरले. गाडीपाशी गेले, दोन बैलांकडे बघितलं, आणि त्यातला तरणा होता त्याचं दावं सोडून शेजाऱ्याच्या हातात दिलं. “हाऊ ल्या. कामले चांगला शे.” शेजाऱ्याने दावं घेतलं. सासऱ्यांनी मान वर केली नाही.

गाडी आमच्या अंगणातच ठेवावी लागली. एका बैलाने ती खांडबाऱ्यापर्यंत कशी जाणार. म्हातारा बैल हाताशी धरून वडील पायीच निघाले. मी पाणी द्यायचं निमित्त करून वेशीपर्यंत मागे गेले. त्यांनी तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी घेतलं, मिशा पुसल्या आणि समाधानाने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“आते तुले कोनी काही बोलाव नही,” ते म्हणाले. “तुन्हा सासरा देवमानूस शे. त्यास्ले जप.”

मी हो म्हटलं, आणि ते तापीच्या वाटेला लागले.